आईची स्मरणिका : घरगुती पुस्तके छापून देणाऱ्या एका छपाईगृहाचा अनुभव

घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या वर्षश्राद्धाला हरिपाठाची किंवा मनाच्या श्लोकांची पुस्तिका छापून, आतल्या पानावर त्या व्यक्तीचा फोटो आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’ एवढा मजकूर घालून ती वाटण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे तिच्या जोडीला स्वतंत्र स्मरणिका काढण्याची प्रथा वाढली असून पुण्याच्या मध्यवस्तीतील काही लहान छपाईगृहे मजकूर लिहून घेण्यापासून बांधणीपर्यंतचे सगळे काम एकाच ठिकाणी करून देतात. आमची आई २०२४ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी गेली. तिच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही भावंडांनी अशाच एका छपाईगृहाकडून स्मरणिका करून घेतली. या लेखात त्यांच्या काही चुकांचाही उल्लेख येणार असल्यामुळे आणि व्यवसाय अगदी लहान असल्यामुळे नाव देत नाही. परंतु असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांना काय पाहावे, काय मागावे आणि कोठे अडून बसावे हे कळावे एवढ्यापुरता हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

प्रथम त्यांच्या कामातील सर्वांत उजव्या बाजूविषयी, म्हणजे संपादनाविषयी लिहिते, कारण माझ्या मते पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते तेथेच. आम्ही गेलो तेव्हा आमच्याकडे नातवंडांचे, सुनांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून बरेच लेख तयार होते आणि ते केवळ टाइप करून घ्यायचे आहेत अशी आमची समजूत होती. संपादनाचे काम पाहणाऱ्या बाईंनी ते सगळे लेख ठेवून घेतले, पुढच्या भेटीत ते पेन्सिलीच्या खुणांसह परत दिले आणि अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले की या लेखांतील आजी कोणाचीही असू शकेल. खुणा पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पटले. ‘मायेचा सागर’, ‘त्यागमूर्ती’, ‘कष्टाला पारावार नव्हता’ अशा प्रत्येक जागी त्यांनी समासात ‘एखादा प्रसंग?’ एवढेच लिहिले होते. सोबत एक प्रश्नावली दिली होती. तिच्यात स्वभावाविषयी, गुणांविषयी एकही प्रश्न नव्हता. सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते करीत, भाजी कोणाकडून घेत, कोणावर रागावत आणि रागावल्यावर काय बोलत, पैसे कोठे ठेवत, कोणता पदार्थ त्यांना स्वतःला आवडत नसे, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हा चौघा भावंडांपैकी एकालाही देता आले नाही आणि त्या रात्री आम्ही फोनवर बराच वेळ त्यावरच बोलत होतो. शेवटी उत्तर धाकट्या सुनेकडून मिळाले : आईला शिकरण मुळीच आवडत नसे.

प्रश्नावलीचा परिणाम लेखांवर चांगला झाला. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या भाच्याचा पहिला लेख म्हणजे शाळेतील निबंध होता. दुसऱ्या वेळी त्याने लिहिले की त्याची आई बँकेत नोकरीला असल्यामुळे सकाळची तयारी आजीकडे असे, आकाशवाणी पुणे केंद्रावरील सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत बुटांच्या नाड्या बांधून झाल्या नाहीत तर आजी तसेच रिक्षात बसवून देई आणि एकदा तिने त्याला खरोखरच अनवाणी, बूट हातात देऊन, बसवून दिले होते. आजी प्रेमळ होती असे त्या लेखात कोठेही म्हटलेले नाही आणि तो लेख वाचून रडला नाही असा आमच्या घरात कोणी नाही. एक गोष्ट मात्र नमूद करायला हवी : असे परत पाठवलेले लेख सगळ्यांनाच रुचत नाहीत. आमच्या एका वृद्ध नातेवाइकांनी रागाने आपला लेखच काढून घेतला आणि पुढे ते वर्षश्राद्धाच्या जेवणालाही आले नाहीत. त्यामुळे घरातील ज्येष्ठांकडून मजकूर घेण्यापूर्वीच संपादन होणार असल्याची कल्पना त्यांना देऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

आईच्या आयुष्याची हकिगत येथे थोडी सांगणे आवश्यक आहे, कारण छपाईगृहासमोरची खरी अडचण तिच्यामुळेच उभी राहिली. तिचा जन्म १९३२ सालचा, वाईजवळच्या एका खेड्यातला. १९५१ साली लग्न होऊन ती पुण्यात नारायण पेठेत आली. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्यानेही दगा दिला आणि नदीकाठच्या पेठांत जे पाणी शिरले त्यात आमच्या वाड्यातील दोन खोल्यांचा संसार गेला. लग्नातील फोटो, वडिलांची पत्रे, आमच्या बारशांच्या नोंदी असलेली वही, असे सगळे एका लोखंडी ट्रंकेत होते आणि ती ट्रंक पुन्हा मिळाली नाही. पुढे पूरग्रस्तांसाठी वसलेल्या गोखलेनगरात घर मिळाले. १९६८ साली वडील गेले, तेव्हा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. आईने त्याच घरात फर्ग्युसन आणि बीएमसीसी या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी खाणावळ सुरू केली आणि ती १९८९ पर्यंत चालवली. त्यानंतर तिने नातवंडे वाढवली. ज्या स्त्रीचे तिशीपर्यंतचे सगळे कागद पुरात गेले आणि जिने पुढे कधी पत्राखेरीज काही लिहिले नाही, तिच्या स्मरणिकेत आठवणींव्यतिरिक्त घालण्यासारखे काही आहे असे आम्हाला वाटत नव्हते.

खाणावळीच्या हिशेबाच्या वह्या मी केवळ दाखवायला म्हणून नेल्या होत्या. बाईंनी त्या ठेवून घेतल्या आणि पुस्तकाचा मधला, माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग त्यांतून तयार केला. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान, महिन्याच्या तारखा, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाच्या खुणा, खाडे, पाहुण्याचे ताट असेल तर ते, आणि खाली जमा रक्कम. आईचा खाड्यांचा नियम कडक होता : आदल्या रात्री सांगितले तरच खाडा धरला जाई, नाहीतर पैसे लागत, आणि या नियमावरून मुलांशी झालेल्या हुज्जती मला चांगल्या आठवतात. १९७२-७३ च्या दुष्काळातील पानांत रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, नोंदी आहेत आणि त्या महिन्यांत पोळीऐवजी मिलोची भाकरी द्यावी लागली म्हणून तिने दर खाली आणल्याचेही दिसते. त्याच वहीत एका मुलाच्या पानावर उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत जेवणाच्या खुणा नियमित आहेत, खाडा एकही नाही, आणि जमेच्या जागी प्रत्येक महिन्यात फक्त एक आडवी रेघ आहे. त्या रेघेचा अर्थ तिने आम्हाला कधी सांगितला नाही. आमटीतील डाळ कमी झाली म्हणून मोठ्या बहिणीवर ओरडणारी हीच बाई, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पानापुढे थांबावेसे वाटते.

ते पान जसेच्या तसे छापावे ही सूचना बाईंचीच. मात्र मुलाचे नाव आणि गाव झाकले पाहिजे, कारण तो आज सत्तरीचा गृहस्थ असेल आणि आपण फुकट जेवलो हे त्याने कोणाला सांगितलेले नसेल, हेही त्यांनीच निदर्शनास आणले. आमच्यापैकी कोणाच्याही हे मनात आले नव्हते. पाककृतींच्या बाबतीतही त्यांचा निर्णय योग्य ठरला. आम्हाला ‘आजीच्या हातची आमटी’ चार माणसांच्या मापाने द्यायची होती. त्यांनी वहीतीलच माप, म्हणजे पंचवीस ताटांना तूरडाळ १। (सव्वा) किलो, तसेच ठेवले आणि खाली टीपसुद्धा दिली नाही. कोणाला करून पाहायची असेल त्याने भागाकार करावा.

आता अक्षरजुळणी. येथे काम मध्यम दर्जाचे आहे आणि प्रुफे स्वतः वाचणे अत्यावश्यक आहे. वह्यांमध्ये आईने जुन्या रीतीप्रमाणे सव्वा, साडे आणि पावणे या मापांसाठी उभ्या रेघा वापरल्या होत्या. जुळणी करणाऱ्या तरुणाला त्या ठाऊक नसल्यामुळे ४७॥ (साडेसत्तेचाळीस) रुपये या दरातील दोन रेघा त्याला श्लोकाच्या शेवटी येणाऱ्या दंडांसारख्या वाटल्या आणि त्याने त्या काढून टाकून ४७ रुपये छापले, ५॥। (पावणेसहा) किलो गव्हाचेही तेच झाले. त्याला पद्धत समजावून सांगितल्यानंतर मात्र त्याने सगळी पाने पुन्हा तपासली आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या दोन जागाही शोधून काढल्या, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. दुसरी अडचण जुन्या फाँटची. एका आतेभावाने आपला लेख श्रीलिपीत टाइप करून दिला होता आणि तो युनिकोडमध्ये बदलताना ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा सगळ्या शब्दांतील ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा रफार होऊन बसला. हा दोष पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि तो पकडायला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांची दृष्टी चांगली आहे. मात्र त्यांनी आईच्या पत्रांतील शुद्धलेखनही सुधारले होते. ‘पोहोचल्याचे पत्र टाकणे’ याऐवजी ती आयुष्यभर ‘पोचल्याचें’ असे अनुस्वार देऊन लिहीत असे. तो अनुस्वार परत घालून घ्यावा लागला. पत्रांना हात लावू नये हे पहिल्याच भेटीत लेखी सांगावे.

फोटोंचे काम हा या छपाईगृहाचा सर्वांत दुबळा भाग आहे. घरचे फोटो पुरात गेले असले तरी आईने माहेरी पाठवलेले काही फोटो वाईच्या मामांकडे सुरक्षित होते. त्यांत तिचा लग्नानंतरच्या वर्षातला, स्टुडिओत खुर्चीला टेकून उभी असलेला एक छोटा फोटो होता आणि तोच मुखपृष्ठावर घ्यायचे ठरले. त्यांनी तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला, घड्या आणि बुरशीचे डाग काढले आणि मुखपृष्ठाचा नमुना मोबाइलवर पाठवला. त्या नमुन्यातील चेहरा गुळगुळीत, उजळ आणि पूर्णपणे अनोळखी होता. आईला सहाव्या-सातव्या वर्षी देवी आल्या होत्या आणि तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर त्यांचे वण होते. ते सगळे नाहीसे झाले होते. कपाळावरचे गोंदणही पुसट झाले होते. हे कोणी मुद्दाम केले नव्हते. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जन्मलेल्या मुलाने वणांचा चेहरा बहुधा पाहिलेलाच नसतो, त्यामुळे बुरशीचे डाग आणि देवीचे वण यांत त्याला फरक दिसला नाही, आणि सॉफ्टवेअरला तर तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या मुलांनी मात्र लहानपणी आजीच्या मांडीवर बसून त्या खळग्यांवर बोट ठेवून आकडे मोजले आहेत.

तक्रार केल्यावर मालकांनी पहिल्यांदा ‘सगळे लोक असेच करून मागतात’ असे उत्तर दिले. ते खरेही असेल, पण आम्ही तसे मागितले नव्हते. दुसऱ्या नमुन्यात वण परत आले, परंतु आता फोटोला रंग चढवला होता आणि लुगडे तांबडे झाले होते. ते हिरवे होते हे मामींना पक्के आठवत होते. तिसऱ्या वेळी मूळ कृष्णधवल स्कॅन, फक्त घड्या काढून, घ्यायला लावला आणि तोच छापला. आतील फोटोंपैकी एका फोटोत तरीही तो गुळगुळीतपणा राहून गेला आहे. अंतिम प्रुफाला फोटोंची पाने जोडलेली नव्हती, त्यामुळे ते छापून आल्यावरच दिसले. त्या पानाचे पैसे त्यांनी बिलातून वजा केले, पण पुस्तकात ते पान आहे ते आहेच. येथून काम करून घेणाऱ्यांनी फोटोंच्या पानांचे कागदावरचे प्रूफ मागावे, मोबाइलच्या पडद्यावर पसंती कळवू नये आणि मूळ स्कॅन फाइली आधीच आपल्या ताब्यात घ्याव्यात.

मुखपृष्ठावरील नावाचा एक प्रश्न त्यांनी उपस्थित केला, तो येथे नोंदवते. लग्नात आईचे पाळण्यातले नावही बदलले होते आणि वाईकडची मंडळी शेवटपर्यंत तिला माहेरच्याच नावाने हाक मारीत. दोन्ही नावे द्यावीत की एकच, यावर घरात मतभेद झाले. शेवटी मुखपृष्ठावर सासरचे आणि आतील पहिल्या पानावर माहेरचे असा मार्ग निघाला. मामींना तो आवडला नाही.

छपाई आणि बांधणी यांविषयी फारशी तक्रार नाही. आम्हाला दीडशे प्रती हव्या होत्या. एवढ्या कमी संख्येला ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च परवडत नाही, त्यामुळे डिजिटल छपाई घेतली आणि काळ्या अक्षरांची छपाई स्वच्छ आली. आकार डेमी, मजकुराची ९६ पाने म्हणजे सोळा-सोळा पानांचे सहा फर्मे, कागद ८० ग्रॅमचा नॅचरल शेड, आणि मध्ये फोटोंसाठी आर्ट पेपरची आठ पाने. पहिल्या काही प्रती त्यांनी केवळ डिंकाच्या बांधणीच्या करून दाखवल्या. पुस्तक फोटोंच्या जागी पूर्ण उघडताच ती पाने कण्यापासून सुटली, कारण आर्ट पेपरच्या गुळगुळीत थराला डिंक नीट धरत नाही. शिलाईची बांधणी घेतल्यावर हा प्रश्न मिटला. तिचे जादा पैसे पडले, पण घरात तीस-चाळीस वर्षे राहावे असे पुस्तक असेल तर तेथे काटकसर करू नये. मॅट लॅमिनेशन दिसायला चांगले असले तरी त्यावर बोटांचे तेलकट ठसे उमटतात. जेवणाच्या पंगतीनंतर प्रती वाटणार असाल तर हे ध्यानात ठेवलेले बरे.

संपादन आणि अक्षरजुळणी धरून एक प्रत साधारण २८० रुपयांना पडली. केवळ छपाईचा भाव बाजारात याहून पुष्कळ कमी मिळेल आणि ज्यांचा मजकूर तयार व तपासलेला आहे त्यांनी तिकडेच जावे. ज्यांच्याकडे आमच्यासारख्या नुसत्या वह्या, अंतर्देशीय पत्रे आणि गोंधळलेली नातवंडे आहेत, त्यांना मात्र या बाईंइतके चांगले काम करणारे दुसरे कोणी सहज मिळेल असे मला वाटत नाही. वेळेच्या बाबतीत त्यांचा शब्द धरून चालू नये. वर्षश्राद्धाच्या पंधरा दिवस आधी प्रती मिळणार होत्या, त्या आदल्या संध्याकाळी मिळाल्या आणि शिलाईवाल्याकडे लग्नसराईतील काम अडकले होते हे कारण देण्यात आले. तिथीच्या किमान चार महिने आधी काम सोपवावे आणि संपादनासाठी त्यातील निम्मा वेळ राखून ठेवावा, कारण नातेवाइकांकडून दुसरा खर्डा मिळवणे हे छपाईपेक्षा कितीतरी अवघड आहे.

पुस्तक पोहोचल्यावर खाणावळीत जेवलेल्या काही जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले आणि आणखी प्रतींची मागणी झाली. ५० प्रतींचा वाढीव भाव पहिल्यापेक्षा बराच अधिक सांगितला गेला आणि मूळ खुली, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती, फाइल देण्यासाठी वेगळे पैसे मागितले गेले. पीडीएफ मात्र विनामूल्य मिळाली. हा मुद्दा सुरुवातीच्या कोटेशनमध्येच लिहून घ्यावा. आम्ही वाढीव प्रती त्यांच्याकडूनच छापून घेत आहोत आणि या वेळी तो गुळगुळीत फोटो बदलून मिळणार आहे.